पडद्यावरची सून आणि पडद्यावरची नाची

(मंडळाच्या वर्धापनदिनी नाकाडोंगरी येथे केलेले भाषण. स्मरणिकेसाठी थोडे वाढवून दिले आहे.)



चिटणीसबाईंनी मला विषय नेमून दिला आहे तो ‘चित्रपटांतील स्त्री’. विषय मोठा, वेळ थोडा आणि आतून वांग्याच्या भाजीचा वास येऊ लागलेला. अशा स्थितीत विद्वत्तेचे बोलणे तुम्हांला सोसणार नाही आणि मला ते येतही नाही. तेव्हा आपण पाहिलेल्या, निदान आईच्या नाहीतर सासूच्या तोंडून ऐकलेल्या चित्रपटांविषयीच बोलते. शेवटी मंडळापुढे एक सूचना ठेवायची आहे. ती गोड लागते की कडू, ते तुम्ही ठरवा.

सोऱ्यात चकलीची चकती बसवली की त्यातून शेव पडत नाही, मग पीठ कितीही निगुतीने मळलेले असो. लोकप्रिय चित्रपटाचे असेच आहे. पहिल्या दहा मिनिटांत आपण ओळखतो की हा संताचा आहे, हा तमाशाचा आहे, हा घरगुती रडारडीचा आहे, हा हसवण्याचा आहे. आणि ते ओळखले की त्यातल्या बाईचे पुढे काय होणार हेही आपल्याला कळून चुकते. संतपट असेल तर बायको कजाग. तमाशापट असेल तर नाची मनाने सोन्यासारखी, पण तिच्या गळ्यात मंगळसूत्र काही पडायचे नाही. घरगुती असेल तर सून सोसणार, सासू छळणार. विनोदी असेल तर नायिका शिकलेली, फटकळ, मोटार चालवणारी. आणि लग्न ठरले रे ठरले की तिचे बोलणेच बंद! कथा कोण लिहितो, नटी कोण आहे, याने फारसा फरक पडत नाही. चकती आधीच बसवलेली असते.

गंमत अशी की आपल्या पडद्यावरची पहिली बाई मुळात बाई नव्हतीच. दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशनमध्ये लागला. तारामतीसाठी स्त्री मिळावी म्हणून दादासाहेबांनी पुष्कळ खटपट केली. ज्यांना समाज वाईट म्हणत असे त्या वस्तीतल्या बायकांनाही विचारून पाहिले. त्यांनीही नकार दिला. त्या बायकांनासुद्धा सिनेमाचे काम कमीपणाचे वाटले! शेवटी ग्रँट रोडवरच्या एका उपाहारगृहात काम करणारा अण्णा साळुंके नावाचा तरुण तारामती झाला. १९१७ साली ‘लंकादहन’ निघाले, त्यात तर राम आणि सीता दोन्ही हेच गृहस्थ.

आपल्या झाडीतल्या माणसाला यात नवल वाटायला नको. दंडारीत आणि खडीगंमतीत आपण काय पाहत आलो? दिवसा नांगर धरणारा गडी रात्री लुगडे नेसून, पदर सावरत, मान वेळावत असा काही उभा राही की म्हाताऱ्या बायाही माना डोलावत. पदर कसा घ्यावा, लाजावे कसे, ठसक्यात चालावे कसे, हे सारे शिकून अंगी आणता येते हे आपल्या गावांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. पुण्या-मुंबईकडे बालगंधर्वांचे लुगडे आणि केसांतला गजरा पाहून कुलीन घरच्या बायका तशा नटू लागल्या. म्हणजे बायकांनी बाईसारखे कसे दिसावे, ते पुरुषाने शिकवले. असो.

फाळक्यांच्या त्या पहिल्या चित्रपटात एक बाई मात्र आरंभापासून होती, ती पडद्यामागे. सरस्वतीबाई फाळके. रात्री अंधारात बसून फिल्मच्या कडेला भोके पाडायची, ती धुवायला मदत करायची, आणि दिवसा कामावरच्या सगळ्या मंडळींचा स्वयंपाक. तिचे नाव किती जणींनी ऐकले आहे? हात वर करू नका, मी मोजणार नाही.

त्याच वर्षी ‘मोहिनी भस्मासूर’मध्ये प्रथम खऱ्या स्त्रिया आल्या. दुर्गाबाई कामत पार्वती झाल्या आणि त्यांची कोवळ्या वयाची मुलगी कमलाबाई मोहिनी. नवऱ्यापासून वेगळ्या होऊन, मुलीला घेऊन नाटकमंडळीबरोबर गावोगाव फिरणारी ही आई. लोकांनी तिला काय काय म्हटले असेल त्याची कल्पना आपण करू शकतो, कारण आज तसेच म्हणताना आपण ऐकतो. मोहिनी झालेली ती मुलगी म्हणजे पुढच्या कमलाबाई गोखले. चंद्रकांत गोखल्यांच्या आई आणि विक्रम गोखल्यांच्या आजी. १९३२ साली ‘अयोध्येचा राजा’ बोलू लागला तेव्हा तारामती होत्या दुर्गा खोटे, मोठ्या घरच्या, कॉलेजात शिकलेल्या. तारामतीच्या जागी पुरुष उभा राहिला त्याला अजून वीस वर्षेही झाली नव्हती. दार उघडले हे खरे. पण आत गेल्यावर बसायचे कुठे, ते ठरलेलेच होते.

आता तुम्हांला माझ्या सर्वांत आवडत्या बाईविषयी सांगते. प्रभातचा ‘संत तुकाराम’, १९३६ सालचा, दामले आणि फत्तेलाल यांचा. व्हेनिसला त्याचा गौरव झाला वगैरे आपण ऐकलेले असते. तुकोबा झाले होते विष्णुपंत पागनीस, तेही पूर्वी रंगभूमीवर स्त्रीभूमिका करणारे. पण मी बोलते आहे ती आवलीविषयी, तुकोबांच्या बायकोविषयी. हे काम गौरी नावाच्या नटीने केले. संतपटाच्या चकतीप्रमाणे आवली कजाग असायला हवी, आणि ती आहेच. ओरडते, कपाळ बडवते, विठोबाला ‘काळ्या’ म्हणून शिव्या घालते. पोर तापाने फणफणलेले, घरात दाणा नाही आणि नवरा भजनात. तेव्हा ती एका हाताने पोराला ओढत आणि दुसऱ्या हातात पायताण घेऊन थेट देवळात शिरते, देवाला जाब विचारायला. प्रेक्षक हसतात. मीही हसले आहे. पण जरा पाहा, त्या सबंध चित्रपटात चूल कोण पेटवते, म्हशीचे कोण करते, पोरांच्या तोंडात घास कोण घालते? तुकोबांचे अभंग इंद्रायणीतून तरतात, पण संसार आवलीच तारते. आणि शेवटी वैकुंठाला जायची वेळ येते तेव्हा तिचे पाय घरातच गुंतलेले असतात.

दिग्दर्शकांनी तिला हसण्यासाठी घातले होते की काय, देव जाणे. मला तसे वाटत नाही. तिला त्यांनी इतके खरे होऊ दिले की साचा फुटला. लोक तुकोबांपुढे हात जोडून बाहेर पडतात, आणि बायका आवलीला घरी घेऊन येतात. आपल्याकडे धानाचा रोवणा आटोपून, कमरेत उसण भरलेली बाई घरी येते आणि नवरा पारावर गावकीच्या गोष्टी करीत बसलेला असतो. तिला आवली कोणी समजावून सांगावी लागत नाही.

दुसरा असाच साचा फोडणारा चित्रपट म्हणजे व्ही. शांताराम यांचा १९३७ सालचा ‘कुंकू’. ना. ह. आपट्यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरून तो घेतला. नीरा नावाच्या तरुण मुलीचे लग्न फसवून एका म्हाताऱ्या वकिलाशी लावतात. घरगुती चित्रपटाची चकती असे सांगते की तिने आता नशीब म्हणून पदर डोळ्यांना लावावा आणि पतीच्या पायांशी बसावे. नीरा ते करीत नाही. हे लग्नच मला मान्य नाही, असे ती म्हणते आणि तसे वागते. अंगचटीला येऊ पाहणाऱ्या सावत्र मुलाला छडीने फोडून काढते. नीरेचे काम शांता आपट्यांनी केले, आणि म्हाताऱ्याच्या समाजकार्य करणाऱ्या मुलीचे काम शकुंतला परांजपे यांनी. रँग्लर परांजप्यांच्या या कन्येने पुढे खरोखरच कुटुंबनियोजनाच्या प्रचारात आयुष्य घातले.

तरीसुद्धा मला ‘कुंकू’चा शेवट खटकतो. म्हाताऱ्याला आपला अन्याय उमगतो आणि तो जिवाचा शेवट करतो. म्हणजे बाईला सुटायचे असेल तर पुरुषाने मेलेच पाहिजे, तो जिवंत असताना तिची सुटका लिहिण्याची हिंमत त्या काळच्या लेखणीला झाली नाही. पण त्या कामाचा एक गुण पडद्याबाहेरही उतरला असावा. १९३९ साली करारावरून वाद झाला तेव्हा शांताबाई प्रभातच्या फाटकापाशी उपोषणाला बसल्या. पुढल्याच वर्षी त्यांनी ‘जाऊ मी सिनेमात?’ या नावाचे पुस्तक लिहिले. सिनेमात येऊ पाहणाऱ्या मुलींना आतले सगळे बरेवाईट सांगणारी, स्वतः त्यात काम करणारी बाई, तीही १९४० साली!

तमाशापटाकडे वळते. हा साचा फार गोड आणि फार घट्ट. १९५९ साली अनंत मान्यांचा ‘सांगत्ये ऐका’ पुण्याच्या विजयानंदमध्ये लागला तो १३१ आठवडे हलला नाही. त्यानंतर कितीतरी वर्षे मराठी चित्रपट म्हणजे फड, पाटील, बोर्डावरची बाई आणि तिच्यापायी बुडणारे घर, असे समीकरणच झाले. १९७२ साली ‘पिंजरा’ आला. संध्याबाईंचे नृत्य, डॉ. श्रीराम लागूंचे मास्तरांचे काम, सगळे उत्तम. पण चित्रपट पाहून येणाऱ्या कोणालाही विचारा, उत्तर एकच मिळते: नाचणारणीने मास्तरला बिघडवले. अहो, मास्तर स्वतःच्या पायांनी गेला होता! त्याला कोणी पोत्यात घालून नेले नव्हते. पण साचा असा आहे की पुरुष घसरला तर तो मोहात पडतो, आणि बाई ही मुळातच मोह.

‘सांगत्ये ऐका’तल्या हंसा वाडकर यांनी पुढे त्याच नावाने आपले आत्मचरित्र सांगितले, ते १९७० साली पुस्तकरूपाने आले. ज्यांनी वाचले नसेल त्यांनी तालुक्याच्या वाचनालयात जरूर विचारावे. पडद्यावरची तमासगिरीण संसाराची आस धरते आणि ती तिला मिळत नाही, असे आपण पाहतो. पडद्याबाहेर हंसाबाईंचे तेच झाले. लग्नानंतर सिनेमा सोडून घर करावे असे त्यांच्या मनात होते, पण त्यांच्या कमाईवर घर चालत होते. ते त्यांना सोडू देईना. हे सारे त्यांनी स्वतःच, काही न लपवता सांगितले आहे. आपली नाही म्हणण्यासारखी वागणूकही त्यांनी लपवलेली नाही. त्यावरून १९७७ साली श्याम बेनेगलांनी ‘भूमिका’ काढला आणि हंसाबाईंच्या जागी स्मिता पाटील उभ्या राहिल्या. चित्रपटात नाचीला जे बोलता येत नव्हते ते नटीने पुस्तकात बोलून घेतले, असे मी म्हणेन.

हे सारे दूरचे वाटते काय? गेल्या वर्षी आपल्याच मंडळात आपण एक नाटुकले बसवले, आठवते ना? सुनेचे काम हवे म्हणणाऱ्या पाच जणी. सासूचेही लगेच गेले. तमासगिरणीचे काम, दहा-बारा वाक्यांचे, त्यात ना गाणे ना नाच, कोणीही घेईना. काम अवघड म्हणून नव्हे. ‘आमच्या घरचे का म्हनतीन?’ एवढेच कारण. आणि गंमत म्हणजे पाटलाचे काम आपल्यातल्या एकीने मिशा लावून, फेटा बांधून केले, तेव्हा तिच्या घरच्यांनी पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या! बाईने पुरुष झालेले चालते; बाईने ‘तसली’ बाई झालेले, नुसते दहा वाक्यांपुरते, चालत नाही.

उलट बाजूही पाहा. १९८८ सालच्या ‘अशी ही बनवाबनवी’त सचिन आणि लक्ष्मीकांत बेर्डे लुगडी नेसून आले, तर आपण पोट धरधरून हसलो, अजूनही दूरदर्शनसंचावर लागला की हातातले काम सोडून बसतो. पण २०१० साली ‘नटरंग’ आला, त्यातला गुणा हा तालमीतला धट्टाकट्टा गडी कलेसाठी नाच्या होतो आणि गाव त्याच्या पौरुषावरच थुंकते. लुगडे तेच. हसवण्याच्या चित्रपटात नेसले तर मौज, मनापासून नेसले तर अब्रू गेली. आपल्या खडीगंमतीतल्या नाच्यांना गावाने दिवसा कसे वागवले, ते इथल्या वडीलधाऱ्या बायांना विचारा.

‘माहेरची साडी’चे नाव घेतल्याशिवाय मला कोणी खाली बसू देणार नाही. १९९१ साली विजय कोंडक्यांनी तो काढला, मूळ राजस्थानी चित्रपटावरून. अलका कुबल यांनी केलेली लक्ष्मी एवढे सोसते की पाहणाऱ्या बाईचा पदर ओला झाल्याशिवाय राहत नाही. शिकलेली मंडळी या चित्रपटाला नाके मुरडतात. मी मुरडणार नाही. बाईला रडायलासुद्धा घरात जागा लागते आणि ती अनेकींना नसते. तिकीट काढून तीन तास अंधारात मोकळेपणी रडता आले तर त्यात हसण्यासारखे काय आहे? माझी तक्रार निराळी आहे. घरी आल्यावर सासूने सुनेला ‘ती लक्ष्मी बघ कशी सोसते’ म्हणून दाखवावे, ही माझी तक्रार. सुनेने सोसले की चित्रपट गाजतो. संसारात सोसले की कधीकधी प्रेत निघते.

त्याच्या नऊ वर्षे आधी जब्बार पटेलांचा ‘उंबरठा’ आला होता. त्यातली सुलभा, म्हणजे पुन्हा स्मिता पाटील, महिलाश्रमाच्या कामासाठी घराबाहेर पडते, परत येते तो नवऱ्याने दुसरीकडे संधान बांधलेले असते. आणि ती पुन्हा उंबरठा ओलांडते. तिच्या सुटकेसाठी नवऱ्याला मरावे लागत नाही. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या १९९५ सालच्या ‘दोघी’त पोटापायी वाईट धंद्याला लागलेली थोरली बहीण गावी परत येते, आणि तिलाही मारून टाकलेले नाही. साच्याप्रमाणे ‘बिघडलेली’ बाई शेवटच्या रिळात मेलीच पाहिजे! हिला जगू दिले एवढ्यासाठी मी त्या चित्रपटाला नमस्कार करते.

जाता जाता एक गाऱ्हाणे. मराठी चित्रपटातले खेडे बहुधा कोल्हापूर-साताऱ्याकडचे. उसाचा मळा, पाटलाचा वाडा, डोक्यावर घागर घेऊन मुरडत जाणारी नायिका. गुडघाभर चिखलात वाकून धान रोवणारी, मोहफुले वेचणारी, पहाटे डबा भरून खाणीवर कामाला निघणारी बाई मला पडद्यावर क्वचितच दिसली. चिखला आणि डोंगरी बुजुर्गच्या खाणींनी किती घरे पोसली! कामाची बाई कोणत्याच साच्यात बसत नाही, म्हणून तिला घेत नसावेत.

पण एक गोष्ट बदलली आहे, ती तिकिटाच्या खिडकीवर. २०२३ साली ‘बाईपण भारी देवा’ लागला. सहा बहिणी, त्यांतल्या बहुतेक प्रौढ वयाच्या, आणि विषय काय तर मंगळागौरीची स्पर्धा. ना प्रेमी युगुल, ना मारामारी. गावोगावच्या बायका नऊवारी नेसून, नथ घालून, डोळ्यांवर काळे चष्मे चढवून झुंडीने गेल्या आणि त्या वर्षीच्या सर्वाधिक कमाईच्या मराठी चित्रपटांत त्याला नेऊन बसवला. त्यात उणे आहे. सगळी दुःखे झिम्मा-फुगडीत विरघळतात हे मला पटत नाही. परंतु बायका स्वतःचे पैसे मोडून, स्वतःच्या मैत्रिणींबरोबर, स्वतःच्या वयाची बाई पाहायला गेल्या. निर्मात्यांना हिशेब पटकन कळतो.

आता ती सूचना. दिवाळी झाली की आपल्याकडे मंडया सुरू होतील, शंकरपट होतील आणि वडशाच्या नाटकमंडळ्या गावोगाव फिरू लागतील. झाडीपट्टीची रंगभूमी ही आपली शान. परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली तेव्हा आपण सगळ्यांनी अभिमान मिरवला. या नाटकांतली सोशिक सून, सोज्ज्वळ बहीण पाहून आपण रात्रभर डोळे पुसतो, आणि दोन अंकांच्या मध्ये लावणी होते तेव्हा माना खाली घालून हळूच पाहतोही. पुष्कळदा सुनेचे काम करणारी आणि लावणी करणारी एकाच गाडीतून आलेल्या, एकाच चटईवर निजणाऱ्या असतात. पहाटे पडदा पडला की या मुलींचे काय होते? थंडीत उघड्यावर तोंडावरचा रंग पुसायचा, आडोसा शोधायचा, बाहेर घुटमळणाऱ्या टवाळांना चुकवत गाडीत जाऊन बसायचे, आणि संध्याकाळी पुढच्या गावी उभे राहायचे. त्यांतल्या काहींच्या कडेवर पोर असते. एका वर्षी अशीच एक बाई पहाटे पोरासाठी ऊन पाणी मागायला माझ्या दारी आली होती. पाणी घेऊन ती दाराबाहेरच उभी राहिली. आत ये म्हटले तर म्हणाली, नको, तुमच्या घरी कोणाला चालायचे नाही.

म्हणून सांगते, या मंडईला मंडळाची खोली त्या रात्रीपुरती नाटकातल्या बायकांना उघडून द्यावी. रंग उतरवायला पाणी, कपडे बदलायला आडोसा, पोरे निजवायला दोन सतरंज्या आणि पहाटे कपभर चहा. खर्च फार नाही. हा विषय मागल्या सभेत निघाला होता आणि ‘घरी विचारून सांगतो’ म्हणून पुढे ढकलला गेला. आता विचारून झाले असेल. खोलीची किल्ली चिटणीसबाईंकडे आहे, सतरंज्या फळीवर आहेत, चहाची साखर मी देईन. दुधाचे कोण पाहते, तेवढे जेवणाच्या पंगतीत ठरवू.